रोबो पळवला तो ८०८५ नव्हता

डिप्लोमाच्या दिवसांच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी मित्र हमखास छाती फुगवतो, ‘आम्ही ८०८५वर रोबो पळवला होता!’ पळवला असेल, पण त्यातली चिप बहुधा ८०५१ असणार. (८०८५ हा मायक्रोप्रोसेसर, ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर.)

गोंधळ होतो याचं नवल नाही. दोन्ही इंटेलचे, आठ बिटांचे, चाळीस पायांचे, म्हणजे पिनांचे. दोघांनाही ४०व्या पायावर ५ व्होल्ट, २०व्यावर ग्राउंड. एएलई, म्हणजे ‘तारांवर मेमरीचा पत्ता आलाय’ असा इशारा देणारी पिन, तीसुद्धा दोघांची ३०वरच. प्रॅक्टिकलची किटंही तशीच: हेक्स (० ते ९, ए ते एफ) की-पॅड आणि लाल आकडे.

पण १९७६चा ८०८५ हा नुसता मेंदू. (आधीच्या ८०८०ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे, याला फक्त ५, नावातला ५ तिथूनच आला.) प्रोग्रामसाठी २७६४ ही ईप्रॉम (पुसून पुन्हा भरता येणारी मेमरी), रॅमसाठी ६२६४, बाहेर काही पेटवायचं तर ८२५५, सगळ्या वेगळ्या चिप. शिवाय पत्त्याचे खालचे आठ बिट आणि डेटा एकाच तारांवरून येणार, म्हणून एएलई आली की पत्ता धरून ठेवायला ७४एलएस३७३. एका एलईडीसाठी ब्रेडबोर्डवर वायरींचं जंगल! ईप्रॉम पुसायची तर यूव्ही दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं, आणि नंतर उजेड आत जाऊ नये म्हणून तिच्या काचेच्या खिडकीवर स्टिकर.

१९८०च्या ८०५१च्या पोटात सगळा संसार: ४ केबी रॉम, १२८ बाइट रॅम, ३२ आय/ओ (सिग्नल आत-बाहेर करायच्या) लाइन, दोन टायमर, सीरियल पोर्ट. पुढे ॲटमेल कंपनीची ८९सी५१ ही ८०५१चीच आवृत्ती आली, तिची फ्लॅश मेमरी विजेनेच पुसता यायची. मग पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जायचं, ती आयसी, ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि ३३ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर घ्यायचे, की प्रोजेक्ट सुरू. (क्रिस्टलचा आकडा विचित्र, कारण त्यातून सीरियल पोर्टचा ९६०० बॉड हा वेग अचूक निघतो.)

दोघांची भाषाही वेगळी. किटवर ३ई ०५ टाकलं की ८०८५ ‘ए’ या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या कप्प्यात, ५ भरतो. ८०५१ला तोच ३ई दिला तर तो आर-६ रजिस्टरमधला आकडा आणि कॅरी (हातचा) ‘ए’मध्ये मिळवून मोकळा!

मला खरा फटका बसला तो रिसेटचा. ८०८५चा रिसेट पिन लो (० व्होल्ट) झाल्यावर लागतो, ८०५१चा हाय (५ व्होल्ट) झाल्यावर. पहिल्या ८०५१ बोर्डाला मी सवयीने ८०८५चंच सर्किट जोडलं: रेझिस्टर ५ व्होल्टला, कपॅसिटर ग्राउंडला. पिन कायम हाय, आयसी कायम रिसेटमध्ये, आणि मी दोन रात्री क्रिस्टल बदलत बसलेलो.

आज काही बनवायचं असेल तर ८०५१च घ्या. जीव मात्र माझा ८०८५वर. पत्ता आणि डेटा तारांवरून कसे धावतात, ते त्यानेच दाखवलं.

आणि हो, ८०८५च्या कुळातला एक रोबो खरंच पळाला होता. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या नासाच्या सोजर्नर गाडीत ८०सी८५ होता. आमच्या मित्राचा तो नव्हे.