मलबार नौदल सराव

मलबार हा भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांच्या नौदलांचा संयुक्त सराव असून तो साधारणपणे दरवर्षी, काही वेळा दोन टप्प्यांत, पार पडतो. भारत व अमेरिका यांच्यातील द्विपक्षीय सराव म्हणून १९९२ मध्ये त्याची सुरुवात झाली. नाव भारताच्या नैर्ऋत्य किनारपट्टीचे असले, तरी बंगालच्या उपसागरापासून ओकिनावा, सासेबो, ग्वाम आणि सिडनीपर्यंतच्या समुद्रांत तो झाला आहे. त्याला लष्करी युती समजणे चुकीचे आहे. जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचे अमेरिकेशी १९५१ पासून सुरक्षा करार आहेत; भारताने मात्र या तिघांपैकी कोणाशीही परस्परसंरक्षणाचा करार केलेला नाही. एकमेकांसाठी लढण्याचे वचन न देताही चार नौदले एकत्र काम करण्याची रीत कशी बसवतात, हाच या सरावाचा खरा विषय आहे.

सोव्हिएत संघाचे विघटन होत असताना, १९९१ मध्ये, अमेरिकी भूसेनेच्या पॅसिफिक विभागाचे प्रमुख क्लॉड किकलायटर यांनी दोन्ही देशांच्या सैन्यदलांमध्ये सहकार्य वाढवण्याचे प्रस्ताव भारतापुढे ठेवले, आणि त्यांतून आलेल्या मोकळेपणात पहिला मलबार झाला. सुरुवातीचे सराव अगदी प्राथमिक स्वरूपाचे होते. १९९५ आणि १९९६ मधील सरावांनंतर मे १९९८ मधील पोखरण अणुचाचण्यांमुळे अमेरिकेने निर्बंध लादले व सराव थांबला. तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला.

सप्टेंबर २००७ मध्ये बंगालच्या उपसागरात झालेल्या सरावात जपान, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर हेही उतरले. पंचवीसहून अधिक नौका होत्या, आणि अमेरिकेच्या निमिट्झ व किटी हॉक यांच्याबरोबर भारताची विराट अशा तीन विमानवाहू नौका एकाच सरावात होत्या. भारतातील डाव्या पक्षांनी कोलकाता आणि चेन्नई येथून विशाखापट्टणमकडे निषेध जथे काढले, तर त्याच वर्षी चीनने या देशांच्या एकत्र येण्याच्या हेतूबद्दल राजनैतिक मार्गाने विचारणा केली होती. त्यानंतर ऑस्ट्रेलिया तेरा वर्षे या सरावाबाहेर राहिला. जपान अधूनमधून येत राहिला आणि २०१५ मध्ये कायमचा सहभागी झाला. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चीनशी झालेल्या संघर्षानंतर काही महिन्यांतच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, भारताने ऑस्ट्रेलियाच्या सहभागाची घोषणा केली. सरावात कोणाला बोलवायचे हे नौदलाच्या गरजेइतकेच परराष्ट्र धोरणाच्या हवामानावर ठरते, हे या क्रमावरून स्पष्ट दिसते.

सरावाचे सामान्यतः दोन भाग असतात. बंदरातील भागात अधिकारी एकमेकांच्या नौकांवर जातात, संकेत व कार्यपद्धती जुळवतात, नकाशांवर आखणी करतात. समुद्रातील भागात तोफांचा मारा, हवाई हल्ल्यापासून बचाव, संशयित जहाजावर चढून तपासणी, एका देशाचे हेलिकॉप्टर दुसऱ्याच्या नौकेवर उतरवणे आणि पाणबुडीचा शोध यांचा सराव होतो. यांपैकी ज्याकडे वृत्तपत्रांचे क्वचितच लक्ष जाते, पण ज्यावर पुष्कळ काही अवलंबून असते, ते म्हणजे चालत्या नौकेला समुद्रात इंधन देणे.

इंधनवाहू नौका आणि युद्धनौका बारा ते पंधरा नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वेगाने, मध्ये चाळीस-पन्नास मीटरचे अंतर राखून, समांतर चालतात. प्रथम बंदुकीतून एक बारीक दोरी पलीकडे सोडली जाते. तिला बांधलेला जाड दोर, त्यामागून पोलादी तार आणि शेवटी तारेवरून सरकत येणारी इंधननळी अशी मालिका हातांनी ओढून घ्यावी लागते. दोन्ही नौकांमध्ये अंतरदर्शक दोरी ताणलेली असते. तिच्यावरील रंगीत निशाणे पाहून मध्ये किती पाणी उरले आहे हे नौका चालवणाऱ्या कक्षातील अधिकाऱ्याला कळते. दोन नौकांच्या मधून वेगाने वाहणारे पाणी त्यांना एकमेकींकडे खेचते, त्यामुळे सुकाणू धरणाऱ्याला एकेका अंशाचा हिशेब ठेवावा लागतो. काही बिघडले तर क्षणात नळी सोडून दूर व्हायचे असते, आणि तो इशारा दोन्ही नौकांवर एकाच अर्थाने समजला पाहिजे. इंग्रजी सर्वांना येते, एवढे पुरत नाही; नळीचे तोंड, निशाणांचा क्रम आणि आदेशाचे नेमके शब्द सारखे असावे लागतात.

पाणबुडीचा शोध हे दुसरे अवघड अंग आहे. उष्ण कटिबंधातील समुद्रात वरच्या कोमट थराखाली तापमान एकदम उतरते व तेथे ध्वनिलहरी वाकतात. त्या थराखाली शिरलेली पाणबुडी नौकेच्या तळाशी बसवलेल्या सोनारला, म्हणजे ध्वनीने पाण्याखालचा शोध घेणाऱ्या यंत्राला, सहज सापडत नाही. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गोड्या पाण्याने ही रचना अधिकच गुंतागुंतीची होते. म्हणून वरून सोनोबॉय, म्हणजे पाण्यात तरंगत पाणबुडीचा आवाज टिपणारी उपकरणे, टाकणारी गस्ती विमाने मोलाची ठरतात. भारताकडे पी-८आय, तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्याकडे त्याच जातीची पी-८ए विमाने आहेत. जपान स्वतः बनवलेले पी-१ वापरतो.

सरावात जाणवलेल्या अडचणींची उत्तरे बऱ्याच अंशी कागदावर शोधली गेली. २०१६ च्या भारत-अमेरिका करारामुळे एकमेकांकडून इंधन व रसद घेण्याचा हिशेब सोपा झाला. २०१८ च्या करारामुळे सांकेतिक संदेशवहनाची अमेरिकी साधने भारताला मिळण्याचा मार्ग खुला झाला. नौदलाच्या दृष्टीने हे करार मोठ्या घोषणांपेक्षा अधिक कामाचे आहेत, असे म्हणता येईल.

नोव्हेंबर २०२० मधील सराव महामारीमुळे बंदरातील भेटीगाठींविना केवळ समुद्रात झाला. दुसऱ्या टप्प्यात अरबी समुद्रात भारताची विक्रमादित्य आणि अमेरिकेची निमिट्झ या विमानवाहू नौका एकत्र होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने सिडनी येथे प्रथमच यजमानपद स्वीकारले. तेथे भारताकडून आयएनएस सह्याद्री आणि आयएनएस कोलकाता गेल्या. दोन्ही मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, आणि अनुक्रमे २०१२ व २०१४ मध्ये मुंबईतच नौदलात दाखल झालेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सराव विशाखापट्टणमला परतला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्वामजवळ झाला, तेव्हाही भारताच्या बाजूने सह्याद्रीच होती.