चक्रीवादळोत्तर शासकीय मदत (कोकण)

चक्रीवादळाने घर, शेती, फळबाग, पशुधन किंवा मासेमारीची साधने यांची हानी झाल्यावर बाधित कुटुंबाला शासनाकडून दिले जाणारे अर्थसाहाय्य आणि ते मिळवण्याची महसुली कार्यपद्धती. महाराष्ट्रात या पद्धतीचा कणा म्हणजे प्रत्यक्ष जागेवर होणारा पंचनामा होय. पंचनाम्यात नाव नसेल, तर पुढे अर्ज, विनंत्या व अपिले यांचा फारसा उपयोग होत नाही. कोकण किनारपट्टीवर फयान (नोव्हेंबर २००९), निसर्ग (जून २०२०) व तौक्ते (मे २०२१) या तीन वादळांच्या अनुभवातून ही पद्धत आजच्या रूपाला आली. त्यांपैकी निसर्गनंतरचे निर्णय अधिक दूरगामी ठरल्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्यांचाच आधार प्रामुख्याने घेतला आहे.

वादळांची नोंद : बंगालच्या उपसागराच्या तुलनेत अरबी समुद्रात चक्रीवादळे कमी होतात आणि त्यांतील थोडीच महाराष्ट्राच्या भूमीवर येतात. जून १८८२ मध्ये मुंबईवर वादळ आदळून एक लाख माणसे मेल्याचा उल्लेख अनेक याद्यांमध्ये पुन्हापुन्हा आढळतो. मात्र तत्कालीन कागदपत्रांत त्याला दुजोरा मिळत नसल्याने ती घटना घडलीच नसावी, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे व तोच ग्राह्य वाटतो. नोव्हेंबर १९४८ मधील मुंबईच्या वादळाविषयी अशी शंका नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. नेमके स्थान सांगताना कोणी मुरूडचा, कोणी दिवेआगरचा, तर कोणी श्रीवर्धनचा निर्देश करतात. वादळाचा विस्तार पाहता या भेदाला फारसा अर्थ नाही. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली हे तालुके सर्वाधिक बाधित झाले. तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकून १७ मे २०२१ च्या रात्री गुजरातेत दीवजवळ धडकले. तरी वाटेत सिंधुदुर्ग व रत्नागिरीतील बागायतीची त्याने मोठी हानी केली.

उगम : नुकसानीच्या प्रमाणात रोख मदत देण्याच्या प्रथेचा उगम दोन ठिकाणी दाखवला जातो. मराठेशाहीत पीक बुडाल्यास पाहणी करून साऱ्यात सूट किंवा तहकुबी देण्याची रीत होती आणि आजचा पंचनामा हा तिचाच वारसा होय, अशी एक मांडणी आहे. दुसऱ्या मांडणीनुसार रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालानंतर प्रांतोप्रांती जी दुष्काळ संहिता तयार झाली, तिच्यातून ही व्यवस्था आली. दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु ते पाहणीच्या तंत्रापुरतेच. साऱ्यातील सूट म्हणजे सरकारने आपले येणे सोडणे, दुष्काळी कामावरचा रोज म्हणजे श्रमाचा मोबदला आणि १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी दिली जाणारी तगाई म्हणजे कर्ज. यांपैकी कशातही झालेल्या हानीपोटी परत न करावयाची रक्कम रयतेच्या हाती पडत नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ७८ सुद्धा सारा कमी करणे, तहकूब करणे किंवा माफ करणे एवढ्याच मर्यादेत आहे. तत्पूर्वी १९६३ मध्ये राज्याने खास कायदा करून आपल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ या अर्थाची इंग्रजी संज्ञाच काढून टाकली व तिच्या जागी टंचाईची परिभाषा आणली. त्यामुळे जुन्या संहितेशी असलेले नाते निदान कागदावर तुटले. रोख मदतीचा खरा पाया स्वातंत्र्योत्तर काळातील वित्त आयोगांनी घातला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. दुसऱ्या वित्त आयोगाने राज्यांसाठी आपत्तीपोटी राखीव रकमेची सोय सुचवली, नवव्या आयोगाच्या शिफारशीवरून १९९० च्या सुमारास आपत्ती निवारण निधी उभा राहिला आणि २०१० पासून त्याची जागा राज्य व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधींनी घेतली.

निधी व मापदंड : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील कलम ४८ अन्वये राज्य निधी व कलम ४६ अन्वये राष्ट्रीय निधी स्थापन झाला आहे. महाराष्ट्राच्या बाबतीत राज्य निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. कोणत्या हानीला किती रक्कम, याचे मापदंड केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. २०१५ च्या मापदंडांत पीकहानीची किमान अट ५० वरून ३३ टक्क्यांवर आली आणि बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपये, पूर्णतः पडलेल्या घरासाठी सपाट प्रदेशात ९५,१०० रुपये व मृत व्यक्तीच्या वारसांना ४ लाख रुपये असे दर ठरले. २०२२ ते २०२६ या कालखंडासाठीच्या मापदंडांत पहिले दोन दर अनुक्रमे २२,५०० व १,२०,००० रुपये झाले. मृत्यूपोटीची रक्कम तीच राहिली. शेतीची मदत दोन हेक्टरांपर्यंत मर्यादित असते.

हे दर किमान समजून राज्य शासन आपल्या तिजोरीतून त्यात भर घालू शकते आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर तसा स्वतंत्र शासन निर्णय निघतो. निसर्गनंतर बागायतीसाठी हेक्टरी ५०,००० रुपये व पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख रुपये देण्याचे ठरले. तौक्तेनंतरही हेच वाढीव दर कायम ठेवून सुमारे २५२ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. याचा व्यावहारिक परिणाम असा की, आपल्याला किती मदत मिळणार या प्रश्नाचे उत्तर केंद्राच्या तक्त्यात नव्हे, तर त्या विशिष्ट वादळासाठी निघालेल्या शासन निर्णयात शोधावे लागते. राज्य निधी अपुरा पडल्यास राज्य निवेदन पाठवते, आंतरमंत्रालयीन पथक पाहणी करते व राष्ट्रीय निधीतून रक्कम मंजूर होते. निसर्गपोटी अशी २६८ कोटी ५९ लाख रुपयांची मंजुरी नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे वादळानंतर पाच महिन्यांनी मिळाली.

पंचनामा : गावपातळीवर तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी संयुक्तपणे पाहणी करून पंचांच्या सह्यांनिशी पंचनामा करावयाचा असतो. अलीकडे या तिन्ही पदांची नावे बदलली असली, तरी लोकांच्या तोंडी जुनीच आहेत. पंचनाम्यात खातेदाराचे नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पिकाचा वा मालमत्तेचा प्रकार आणि हानीची टक्केवारी नोंदली जाते. घराच्या हानीसाठी अभियंत्याचे मत व जनावराच्या मृत्यूसाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तहसीलदार याद्या तपासून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. २०२३ पासून शेतीची मदत संगणकीय प्रणालीतून थेट बँक खात्यात जमा होऊ लागली असून, यादीतील प्रत्येक शेतकऱ्याला मिळणारा विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण केल्याशिवाय रक्कम सुटत नाही, अशी पद्धत रूढ झाली.

पंचनामा होईपर्यंत पडझड जशीच्या तशी ठेवावी, ही सर्वसाधारण सूचना कोकणात पाळता येण्याजोगी नसते. निसर्ग आले तेव्हा मृगाचा पाऊस आठवड्यावर होता. उडालेली कौले व पत्रे घालून घर शाकारणे आणि पायवाटेवर आडवे झालेले माड तोडून बाजूला करणे भाग होते. विजेचे खांब कोसळल्याने भ्रमणध्वनी बंद होते व महासाथीच्या निर्बंधांमुळे पुष्कळसे घरमालक मुंबईत अडकून पडले होते. अशा वेळी तारखेसह काढलेली छायाचित्रे आणि शेजाऱ्यांचे जबाब यांवर पंचनाम्याची भिस्त राहते.

हेक्टर की झाड : कोकणातील मदतीचा सर्वांत वादग्रस्त तांत्रिक प्रश्न हाच होय. केंद्रीय मापदंडांचे एकक हेक्टर आहे, तर श्रीवर्धन, दिवेआगर किंवा मुरूड येथील आगराचे, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीचे, मोजमाप परंपरेने झाडांवर चालते. घरामागच्या चार-पाच गुंठ्यांच्या वाडीत माड, पोफळी, केळी व मिरीचे वेल एकाच पाटाच्या पाण्यावर दाटीने वाढवलेले असतात. समजा, पाच गुंठ्यांच्या आगरात ८ माड व ६० पोफळी मोडून पडल्या. गुंठा म्हणजे ढोबळमानाने एक आर (हेक्टरचा शंभरावा भाग) धरल्यास हेक्टरी १८,००० रुपयांच्या दराने ९०० रुपये व वाढीव ५०,००० रुपयांच्या दराने २,५०० रुपये होतात. मापदंडांत किमान रकमेची तरतूद आहे हे खरे, पण तिनेही चित्र फारसे पालटत नाही. बागायतदारांच्या मागणीनंतर राज्याने माडामागे २५० व पोफळीमागे ५० रुपये असा झाडनिहाय दर मान्य केला. त्यानुसार वरील आगराला ५,००० रुपये येतात.

झाडनिहाय दर सर्वांनाच लाभदायक ठरतो, असा समज मात्र बरोबर नाही. साडेसात मीटर अंतराने लावलेल्या निव्वळ माडांच्या बागेत हेक्टरी सुमारे १७८ झाडे बसतात व त्यांची रक्कम ४४,५०० रुपये होते, म्हणजे हेक्टरी दरापेक्षा कमी. पोफळीच्या शिफारशीत अंतराच्या बागेत ही संख्या सुमारे १,३७० असल्याने ६८,५०० रुपये मिळू शकतात. दाट व मिश्र आगरालाच हा निर्णय खऱ्या अर्थाने मानवला. आंबा मात्र हेक्टरी हिशेबातच राहिला. दहा मीटर अंतरावरील हापूसची १०० कलमे धरली, तर एका कलमाच्या वाट्याला ५०० रुपये येतात, मग ते कलम सात वर्षांचे असो की चाळीस वर्षांचे. झाडाचे वय व पुढील उत्पन्न यांना मापदंडांत स्थान नाही; माड नव्याने लावून तो धरता होईपर्यंत सहा-आठ वर्षे जातात, हा काळही हिशेबाबाहेर राहतो. ही मदत निविष्ठांपुरते (बियाणे, खते इत्यादींच्या खर्चापुरते) अनुदान आहे, भांडवली हानीची भरपाई नव्हे, या गृहीतकाचे ते फलित होय. झाडनिहाय दर हा त्या गृहीतकाला राज्याने दिलेला पहिला ठळक अपवाद मानावा लागेल.

जमिनीची कागदपत्रे : खोती पद्धत (खोतामार्फत सारावसुलीची व्यवस्था) १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली, तरी कोकणातील जमिनी पिढ्यान्‌पिढ्या समाईक राहिल्या. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावे, त्यांतील काही मृत व वारसनोंद न झालेली, काही चाकरमानी म्हणून मुंबई-पुण्यात स्थायिक, हे चित्र नेहमीचे आहे. वाडी कसणारा एक, नावे अनेक, आणि पैसे जमा करावयाचे खाते कोणाचे, या पेचात मंजूर मदत तहसील कार्यालयात अडकून राहते. सहहिस्सेदारांचे संमतीपत्र किंवा कसणाऱ्याचे हमीपत्र घेऊन त्यातून वाट काढली जाते. दुसरी अडचण पीकनोंदीची. सातबाऱ्याच्या गाव नमुना बारामध्ये आगरातील झाडांची नोंद अनेकदा नसते व मग पाहणीत झाडे दिसूनही त्यांना कागदाचा आधार मिळत नाही. ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतः भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह नोंद करता येते; ती वादळापूर्वी झालेली असणे महत्त्वाचे. घरासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधील नोंद व घरपट्टीची पावती पुरावा म्हणून चालते.

घरे : पूर्ण व अंशतः पडझड यांतील रेषा कोकणात विशेष अडचणीची ठरते. जांभ्या चिऱ्याच्या भिंती सहसा उभ्याच राहतात. जाते ते छप्पर, म्हणजे कौले, रिपा, वासे व पत्रे. त्यामुळे राहण्यास निरुपयोगी झालेले घरही अंशतः बाधित या सदरात पडते. निसर्गनंतर किमान १५ टक्के पडझडीसाठी १५,००० रुपये असा वाढीव दर ठरला. टक्केवारी ठरवण्याची सर्वमान्य रीत नसल्याने एकाच वाडीतील शेजारच्या घरांना वेगवेगळी रक्कम मिळाल्याच्या तक्रारी झाल्या.

मासेमारी : होड्या व जाळ्यांच्या हानीची पाहणी मत्स्यव्यवसाय विभाग करतो. नौकेची नोंदणी व परवाना ही पूर्वअट असते. केंद्रीय मापदंडांतील रकमा लहान, पारंपरिक होड्या डोळ्यांसमोर ठेवून ठरलेल्या असून यांत्रिक नौकांच्या दुरुस्तीखर्चाशी त्यांचा मेळ बसत नाही. फयानच्या वेळी समुद्रात बेपत्ता झालेल्या मच्छीमारांमुळे मृत्यूच्या दाखल्याचा प्रश्नही पुढे आला होता.

विम्याशी संबंध : आंबा व काजूसाठीची हवामानाधारित फळपीक विमा योजना या मदतीहून सर्वस्वी वेगळी आहे. तिच्यात प्रत्यक्ष झाड पाहिले जात नाही, तर ठरावीक तारखांच्या दरम्यान महसूल मंडळातील हवामान केंद्रावर नोंदलेल्या पाऊस, तापमान व वाऱ्याच्या आकड्यांवरून भरपाई निघते. विमा काढलेला असला, तरी पंचनामा करून घ्यावाच लागतो.

कायदेशीर स्वरूप : ही मदत अनुग्रह आहे की हक्क, याबाबत मतभेद आहेत. प्रशासनाची भूमिका परंपरेने अनुग्रहाची राहिली असून शासन निर्णयांत ‘नुकसानभरपाई’ हा शब्द कटाक्षाने टाळला जातो. तथापि २००५ च्या अधिनियमातील कलम १२ राष्ट्रीय प्राधिकरणावर साहाय्याचे किमान निकष शिफारस करण्याची जबाबदारी टाकते आणि ही जबाबदारी बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी, कोविडने झालेल्या मृत्यूंच्या संदर्भात, स्पष्ट केले. रक्कम किती असावी हे मात्र न्यायालयाने ठरवून दिले नाही. त्यामुळे निकष असण्याचा आग्रह धरता येतो, विशिष्ट रकमेचा नाही, हे मत सध्या अधिक टिकाऊ दिसते.

गोवा : गोव्यात पाहणी व मदतीचे काम मामलेदार कार्यालयामार्फत चालते, तर शेती व बागायतीच्या हानीपोटी शेतकरी आधार निधी ही राज्याची स्वतंत्र योजना आहे व तिची अंमलबजावणी कृषी संचालनालयाकडे असते.