लघवीची सायटॉलॉजी आणि लघवीची डीएनए चाचणी: डबी एकच, शोध वेगळा

लघवीतून रक्त गेलं आणि दुखलं मात्र काहीच नाही, तर डॉक्टर मूत्राशयाच्या कॅन्सरची शंका बाजूला ठेवत नाहीत. मग चिठ्ठीवर ‘युरिन सायटॉलॉजी’ येते, आणि अलीकडे काही ठिकाणी लघवीच्या डीएनए चाचणीचंही नाव निघतं. दोन्हींना डबीभर लघवीच लागते. त्यामुळे डीएनए चाचणी म्हणजे सायटॉलॉजीचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे, आणि त्यातूनच रिपोर्टचा उलटा अर्थ लावला जातो. (नेहमीची ‘युरिन रुटीन’ ही तिसरीच गोष्ट. ती रक्त, पू, साखर, प्रथिनं पाहते. कॅन्सर शोधणं हे तिचं काम नाही.)

मूत्राशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत गळून लघवीत येत असतात. सायटॉलॉजीत या पेशी काचेवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि व्हिक्टर मार्शल यांनी 1945 मध्ये ही पद्धत मांडली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी होणाऱ्या ‘पॅप’ तपासणीतले पापानिकोलाऊ ते हेच. पॅथॉलॉजिस्ट पेशीचं रूप पाहतो: केंद्रक पेशीच्या मानाने फार मोठं झालंय का, गडद आहे का, त्याची कड वेडीवाकडी आहे का. म्हणजे इथे निर्णय माणसाचा डोळा करतो.

या डोळ्याची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी आहे. हाय-ग्रेड, म्हणजे आक्रमक कॅन्सरच्या पेशी दिसायलाच बिघडलेल्या असतात, शिवाय एकमेकींना नीट धरून राहत नसल्याने लघवीत भरपूर उतरतात. त्या सायटॉलॉजीत बऱ्यापैकी सापडतात, आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्टने ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं तर ते सहसा खरं निघतं. लो-ग्रेड, म्हणजे कमी आक्रमक गाठीच्या पेशी मात्र निरोगी पेशींसारख्याच दिसतात, म्हणून त्या मोठ्या प्रमाणावर निसटतात. मधल्या ‘एटिपिकल’ (पेशी नेहमीसारखी नाही, पण कॅन्सरचीच असंही नाही) या शेऱ्याने रुग्णांची झोप उडते, पण मुतखडा, जंतुसंसर्ग, कॅथेटर किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरवर उपचार म्हणून मूत्राशयात दिलेली बीसीजी, यांपैकी कशानेही पेशींचं रूप तसं बदलू शकतं. 2016 साली आलेल्या ‘पॅरिस सिस्टीम’ने रिपोर्ट लिहिण्याची पद्धत एकसारखी केली आणि सायटॉलॉजीने मुख्यतः हाय-ग्रेड कॅन्सर शोधावा, हे स्पष्टच मांडलं.

डीएनए चाचणीला पेशीच्या रूपाशी देणंघेणं नाही. ती लघवीतल्या पेशींमधला, किंवा पेशी फुटून लघवीत मिसळलेला, डीएनए घेते आणि कॅन्सरमध्ये होणारे ठरावीक बदल त्यात आहेत का, हे तपासते. इथे ‘डीएनए’ म्हटलं की अनेकांना आनुवंशिकता आठवते. हे बदल आईवडिलांकडून आलेले नसतात. ते आयुष्यात पुढे, मूत्राशयाच्या अस्तरातच घडलेले असतात. धूम्रपान हे त्यामागचं सगळ्यात मोठं कारण.

यातला सर्वांत कामाचा बदल ‘टर्ट’ जनुकाच्या नियंत्रक भागात असतो. पेशी विभागताना गुणसूत्रांची टोकं झिजतात आणि तिच्या विभाजनाला मर्यादा पडते. ‘टर्ट’ चालू राहिलं की टोकं पुन्हा भरली जातात आणि ती मर्यादा उरत नाही. मूत्राशयाच्या बहुसंख्य कॅन्सरमध्ये हा बदल दिसतो, तोही बहुतेक वेळा दोनच ठरलेल्या जागांवर, म्हणून तो शोधायला सोपा. मुख्य म्हणजे लो-ग्रेड गाठींतही तो असतो. ‘एफजीएफआर3’ या जनुकातला बदल तर लो-ग्रेड गाठींमध्येच जास्त आढळतो. डोळ्याला जी पेशी निरोगी वाटते तिच्या डीएनएत खूण सापडू शकते, ती अशी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युरोसीक’ या चाचणीत ‘टर्ट’ धरून अकरा जनुकं आणि गुणसूत्रांच्या संख्येतला बिघाड एकत्र तपासला होता.

नावांचा घोळ इथे आणखी वाढतो. ‘फिश’ चाचणीत चमकणारे रंग वापरून गुणसूत्र 3, 7, 17 आणि नवव्याचा एक तुकडा मोजतात; ती डीएनएच पाहते, पण काचेवरच्या पेशींत, म्हणून दोन्हींच्या मधली. काही चाचण्या आरएनए, म्हणजे डीएनएवरून पेशीत तयार होणारी प्रत, मोजतात, ‘एनएमपी22’ प्रथिन मोजते. तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय मोजलंय, हे विचारून घ्याच.

‘निगेटिव्ह’ या शब्दाचा अर्थही दोन्हीकडे वेगळा. सायटॉलॉजी निगेटिव्ह म्हणजे या नमुन्यात बिघडलेल्या रूपाची पेशी दिसली नाही. लो-ग्रेड गाठ तरीही असू शकते. डीएनए निगेटिव्ह म्हणजे ज्या खुणा शोधल्या त्या सापडल्या नाहीत. गाठीत वेगळेच बदल असतील किंवा तिचा डीएनए नमुन्यात फार थोडा उतरला असेल. म्हणून दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, यांपैकी कोणत्याही कागदाने रद्द होत नाही. रक्त दिसूनही स्वच्छ रिपोर्टच्या भरवशावर ती पुढे ढकलली जाते तेव्हा मला खरंच काळजी वाटते.

सायटॉलॉजी जुनी झाली, असंही समजू नका. ‘कार्सिनोमा इन सिटू’ हा सपाट पसरणारा, आक्रमक कॅन्सर नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात दुर्बिणीतून नजरेआड राहू शकतो. सायटॉलॉजी नेमकी त्याच्या पेशी चांगल्या पकडते.

डीएनए चाचणीचा मोठा उपयोग मला उपचारानंतरच्या पाठपुराव्यात दिसतो. निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत कॅन्सर स्नायूपर्यंत गेलेला नसतो, पण तो पुन्हा पुन्हा उद्भवतो आणि वर्षानुवर्षं सिस्टोस्कोपी कराव्या लागतात. त्यांतल्या काही सुरक्षितपणे टाळता आल्या तर रुग्णाचा केवढा त्रास वाचेल! त्यावर काम चालू आहे.

मग कुठलंच लक्षण नसलेल्यांनीही ही चाचणी करावी का? इराणमधल्या गोलेस्तान इथे जपलेल्या लघवीच्या नमुन्यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानाच्या दहा वर्षं आधीपर्यंतच्या नमुन्यांत ‘टर्ट’ बदल सापडले. बातमी थक्क करणारी आहे, पण अभ्यास लहान होता आणि पुढे कॅन्सर झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांतच बदल दिसला होता. लक्षणं नसलेल्या सर्वांची सरसकट तपासणी करण्याची शिफारस आजही नाही.

डीएनए पॉझिटिव्ह आणि दुर्बिणीत काहीच नाही, असं झालं तर? तो रिपोर्ट खोटा असू शकतो, किंवा गाठ अजून दिसण्याइतकी वाढलेली नसेल, किंवा ती मूत्राशयात नसून वर मूत्रवाहिनीत वा मूत्रपिंडाच्या नळीत असेल. म्हणून डॉक्टर सीटी स्कॅनने वरचा मार्ग पाहू शकतात आणि काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात.

नमुना देतानाही फरक आहे. सायटॉलॉजीसाठी सकाळची पहिली लघवी शक्यतो नको, कारण रात्रभर साचलेल्या लघवीत पेशी खराब होतात, त्यानंतरची द्यावी. डीएनएसाठी बहुधा टिकाऊ द्रव घातलेली वेगळी नळी मिळते, ती लॅबच्या सूचनेप्रमाणेच भरायची. नुकताच संसर्ग झाला असेल, दुर्बीण घातली असेल किंवा बीसीजी घेतली असेल, तर तेही दोन्हीकडे सांगायचं.