जुन्या जीन्सची पिशवी

वापरून टाकलेल्या डेनिमच्या पँटी उसवून, त्यांच्या कापडातून शिवलेली आणि पुढे दुरुस्त करता येणारी पिशवी. महाराष्ट्रात जुने कपडे बोहारणीकडे भांड्यांच्या बदल्यात जात, नाहीतर गोधडीत. जीन्स गोधडीला जड पडते, हातसुईही तिच्यातून सहज निघत नाही. पिशवीला मात्र हाच जाडपणा हवा असतो.

डेनिम हे तिरप्या विणीचे सुती कापड. उभे धागे निळीत रंगवलेले, आडवे पांढरे. उभे धागे पँटच्या लांबीत धावतात, म्हणून पिशवीचे बंद त्याच दिशेने कापतात. गुडघे, जांघ आणि बूड बहुधा विरलेले असते. कापड उजेडासमोर धरले की ते लगेच कळते. पोटरीमागचा भाग सर्वांत धड निघतो आणि कमरपट्टा तर आयताच बंद. इलॅस्टेन हा ताणला जाणारा कृत्रिम धागा मिसळलेली जीन्स ओझ्याने ताणून आकार सोडते, तिचे बाहेरचे खिसे करावेत.

शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी अमेरिकेत रिवेट, म्हणजे धातूच्या छोट्या खिळी, ठोकलेल्या पँटीचे पेटंट मिळाले, ते खिशांचे कोपरे उसवत होते म्हणून. पिशवीतही ताण असा ठरावीक जागीच येतो. बंदाच्या बुंध्याशी चौकोन शिवून आत फुली मारतात आणि तळाला दुसरा थर लावतात. झुरिचच्या मार्कुस आणि डानिएल फ्रायटाग या भावांनी १९९३ साली ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची पिशवी केली, तेव्हा पट्ट्याला मोटारीचा सीटबेल्ट आणि कडांना सायकलची ट्यूब वापरली. टाकाऊ वस्तूचा मूळ गुण ओळखून तिला तिच्या जोगे काम देणे ही त्यांची खरी हुशारी.

दुरुस्तीचा विचार मात्र कापण्याआधीच करावा लागतो आणि नेमका तोच बहुतेकदा राहून जातो. दोरा कापडापेक्षा किंचित कच्चा असावा. ओझे जास्त झाले तर आधी शिवण सुटते, ती पुन्हा घालता येते; कापडच फाटले तर ठिगळाशिवाय इलाज नाही. चेन थेट पिशवीला न शिवता वेगळ्या पट्टीवर बसवली, तर बदलताना तेवढी पट्टीच उसवावी लागते. खांद्याचा पट्टा कडीत अडकवावा. अस्तराची एक बाजू धावदोऱ्याने बंद केली की तो उसवून आतून तळापर्यंत हात पोहोचतो. डिंकाने चिकटवलेले थर मात्र सुटे करता येत नाहीत, म्हणून या कामात डिंक वापरू नये.