पार्श्वभूमी : विलोच्या पानातले विष, अळीच्या पाठीवरचा थेंब

पॉप्लर आणि विलो या झाडांवर वाढणाऱ्या लाल भुंगेऱ्याच्या अळीला डिवचले की तिच्या पाठीवर दोन रांगांत थेंब उभे राहतात. छातीच्या मागच्या दोन खंडांवर आणि पोटाच्या पहिल्या सातांवर एकेक, म्हणजे एकूण नऊ जोड्या. कडू बदामासारखा वास सुटतो, आणि धोका टळला की अळी तेच थेंब परत आत ओढून घेते. हा वास सॅलिसिलाल्डिहाइडचा. बाहेर उलटणाऱ्या या ग्रंथींवर १९१५ साली स्वतंत्र निबंध निघाला, आणि १९४३ मध्ये ब्रिटनमधल्या विलोवरच्या दुसऱ्या एका जातीच्या अळीतही तेच रसायन असल्याची नोंद झाली. त्यानंतर बरीच वर्षे विषय ‘वास येतो, मुंग्या पळतात’ याच्या पुढे फारसा सरकला नाही.

खरी गोष्ट १९८०च्या दशकात सुरू झाली. हे रसायन अळी मुळापासून तयार करत नाही, पानातून उचलते, हे १९८३ साली दाखवले गेले. विलोच्या सालीत आणि पानांत सॅलिसिन हे कडू द्रव्य असते. (सह्याद्रीत ओढ्याकाठी दिसणारा वाळुंज याच प्रजातीतला, पण हे सारे काम युरोप-अमेरिकेतल्या विलोंवर झालेले आहे.) सॅलिसिन आतड्यातून रक्तद्रवात आणि तिथून ग्रंथीत जाते. ग्रंथीत एक विकर (एन्झाइम) त्यातली साखर तोडते आणि दुसरे उरलेल्या अल्कोहोलचे सॅलिसिलाल्डिहाइड करते. सुटलेले ग्लुकोज अळीच्या उपयोगी पडते. म्हणजे झाडाने किड्यांना दूर ठेवायला केलेल्या खर्चातून अळीला शस्त्रही मिळते आणि वर चार घासही. याच गोतातल्या इतर अनेक अळ्या इरिडॉइड नावाची संरक्षक द्रव्ये स्वतःच बनवतात, आणि २००१ च्या वंशावळीच्या अभ्यासानुसार तीच जुनी रीत. झाडावर विसंबणे नंतरचे.

इथवर फारसे मतभेद नाहीत. भांडण आहे ते हे संरक्षण नेमके कोणापासून, यावर.

प्रयोगशाळेत मुंग्या समोर ठेवल्या की उत्तर सोपे येते. मुंगी तोंड पुसत मागे फिरते. पण विलोच्या फांदीवर अळीचे खरे गिऱ्हाईक मुंगी असेलच असे नाही. कुंभारमाशीच्या गोतातली एक गांधीलमाशी या अळ्यांनाच लुळे करून आपल्या पिल्लांसाठी घरट्यात साठवते, आणि हा वास तिला शिकारीपर्यंत पोहोचवतो. १९९७ मध्ये एका सिर्फिड माशीबद्दल, म्हणजे फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माशीबद्दल, असेच दिसले. तिची अळी भुंगेऱ्याची अंडी आणि अळ्याच खाते, आणि भुंगेऱ्याच्या अळीचा स्राव तिला ओढून आणतो. २००४ मध्ये परोपजीवी माशीची भर पडली. तीही यजमान शोधते ती या स्रावाच्या वासाने. सामान्य भक्षकाला दूर ठेवणारा थेंब जाणकार भक्षकाला मात्र पत्ता सांगतो. ‘यशस्वी रासायनिक बचाव’ हे शब्द ज्या सहजतेने निबंधांच्या शीर्षकांत बसले, त्याला प्रयोगांत मुंग्यांना मिळालेले झुकते मापही कारणीभूत आहे, असे म्हणायला जागा आहे.

या वादाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग भूर्जवृक्षाचा. उत्तर युरेशियातल्या एका जातीच्या काही वस्त्या विलो सोडून भूर्जावर गेल्या, आणि भूर्जात सॅलिसिन नसते. १९९४ मध्ये दिसले की या अळ्यांच्या स्रावात मुख्यतः एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारी संयुगे, असतात. आम्लाचा भाग अळी स्वतः करते, अल्कोहोल झाडाकडून घेते. मग ही जात भूर्जावर का गेली? एका बाजूचे म्हणणे, वासावर येणाऱ्या शत्रूंपासून सुटका म्हणून. ही मांडणी आकर्षक आहे आणि थोडी जास्तच नीटस. खाद्य बदलले की सॅलिसिन आपोआप सुटते, शत्रू कमी होणे हा परिणामही असू शकतो, कारणच असेल असे नाही. २०११ मध्ये भूर्जावरच्या वस्तीत ते दुसरे, ऑक्सिडीकरण करणारे विकर निकामी झालेले आढळले. दोन्ही पक्षांना तो निष्कर्ष आपापल्या बाजूने वाचता येतो. वापर थांबला म्हणून विकर मोडले की विकर मोडणे फायद्याचे होते म्हणून टिकले, हे जनुकाकडे बघून ठरत नाही.

२०१३ मध्ये पॉप्लरच्या भुंगेऱ्यात सॅलिसिन ग्रंथीत पोचवणारे वाहक प्रथिन सापडले. त्याचे जनुक गप्प केले तेव्हा अळ्या डिवचल्यावर थेंब काढीनात. शस्त्र काढून घेतलेली अळी अशी हाताशी आली. तिला विलोच्या फांदीवर गांधीलमाशीपुढे सोडून बघणे हा मात्र त्या कामाचा विषय नव्हता.