नवीन गाडीला शोरूमचं कोटिंग घ्यायचं का? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

गाडी बुक केली की आमच्याकडे हमखास फोन येतो, शोरूमवाले कोटिंग (रंगावर मारायचा संरक्षक थर) घ्या म्हणतायत, कोटेशनमध्ये टाकलंय पण, घेऊ का नको? फोनवर दोन मिनिटांत हे नीट सांगता येत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय. आम्ही स्वतः पॉलिश आणि कोटिंगची कामं करतो आणि त्याचे पैसे घेतो, त्यामुळे आमचं म्हणणं सुद्धा चार ठिकाणी विचारून मगच पटवून घ्या. पण आमचं मत स्पष्ट आहे. डिलिव्हरीच्या गडबडीत मारून दिलेलं कोटिंग, ज्या भावात ते देतात त्या भावात, बहुतेकांनी घेऊ नये. आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते आमच्याकडून घ्यायची पण गरज नाहीये.

आधी रंग म्हणजे काय ते बघू. फॅक्टरीत पत्र्यावर गंज थांबवणारा थर बसतो, त्यावर प्रायमर, मग आपल्याला दिसतो तो रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतात आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या एका केसापेक्षा पातळ. चमक सगळी त्याचीच आणि ऊन-पाऊस झेलतो तो पण तोच. हा रंग फॅक्टरीत १४० डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे "नवीन गाडीचा रंग कच्चा असतो, कोटिंग केलं नाही तर खराब होईल" असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. गाडी तुमच्या हातात येते तेव्हा रंग पूर्ण पक्का झालेला असतो. अपघातानंतर वर्कशॉपमध्ये मारलेल्या रंगाची गोष्ट वेगळी, तो कमी तापमानाला सुकवतात म्हणून त्याच्यावर वॅक्स किंवा कोटिंग करायच्या आधी साधारण महिनाभर थांबलेलं बरं.

टेफ्लॉन, सिरॅमिक, पीपीएफ

शोरूममध्ये ही तीन नावं ऐकायला मिळतात आणि तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टेफ्लॉन हे एका पदार्थाचं ब्रँडनेम आहे, आधी ड्यूपाँ कंपनीकडे होतं, २०१५ पासून केमर्स कंपनीकडे आहे. हा पदार्थ वितळतो ३२७ डिग्रीला. नॉनस्टिक तव्यावर तो बसतो कारण तवा तेवढा तापवता येतो, गाडीचा रंग तेवढा तापवला तर जळूनच जाईल. त्यामुळे तव्यावर बसतो तसा थर गाडीवर बसणं शक्यच नाही. आपल्याकडे टेफ्लॉन कोटिंग म्हणून जे मारतात ते बहुतेक वेळा चांगल्यापैकी पॉलिश किंवा सीलंट (वॅक्ससारखंच, पण कृत्रिम) असतं. वाईट नसतं ते, तीन-चार महिने गाडी छान दिसते, पण काम वॅक्सचंच आणि पैसे मात्र कोटिंगचे, ते देऊ नका.

सिरॅमिक ही खरी गोष्ट आहे. सिलिकॉनवर आधारलेलं हे लिक्विड रंगावर सुकून घट्ट बसतं, साबणाने निघत नाही, आणि नीट केलं तर दोन-तीन वर्षं टिकतं. पाणी थेंब होऊन ओघळतं, चिखल कमी चिकटतो, गाडी धुवायला निम्मे कष्ट लागतात, पक्ष्यांच्या घाणीला थोडा जास्त वेळ तोंड देतं. पण जाडी किती, तर एक-दोन मायक्रॉन. तेवढ्या जाडीत ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी अडत नाही, पार्किंगमध्ये बाजूच्याने दार आपटलं तर अडत नाही, किल्लीचा ओरखडा पण अडत नाही. सेल्समन "९एच हार्डनेस" म्हणतात ना, तो आकडा पेन्सिलीच्या टेस्टचा आहे, वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठराविक दाबाने रंगावर ओढून बघतात आणि ९एच त्यातली खूप कडक पेन्सिल. हिऱ्याच्या कडकपणाशी त्याचा काही संबंध नाही, आणि रस्त्यावरची वाळू पेन्सिलीपेक्षा कितीतरी कडक असते.

पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर लावायची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन हेलिकॉप्टरच्या पात्यांना दगड-धुळीपासून वाचवायला हा प्रकार सुरू झाला. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाच्या थरांपेक्षा जास्त, म्हणून खडीचा मार खरोखर झेलणारी या तिघांत हीच एक. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून पण येतात. पण महाग आहे, पूर्ण गाडीला लाखाच्या आसपास आणि मोठ्या गाडीला त्याच्याही वर जातं.

शोरूममधलं का टिकत नाही

सिरॅमिकची बाटली तीच असली तरी काम तेच होत नाही, कारण यात खरी मेहनत बाटली उघडायच्या आधीची आहे. तुमची नवीन गाडी चाकणहून येवो नाहीतर मानेसर-चेन्नईहून ट्रेलरवर, ती स्टॉकयार्डमध्ये उन्हापावसात काही आठवडे उभी असते, तिच्यावर लोखंडाची बारीक धूळ बसते, प्लास्टिक काढल्यावर गोंदाचे डाग राहतात, आणि डिलिव्हरीच्या आधी घाईघाईत धुताना-पुसताना गोल गोल बारीक रेषा पडतात ज्या शोरूमच्या लाइटमध्ये दिसत नाहीत आणि पहिल्याच कडक उन्हात दिसतात. कोटिंग करायच्या आधी हे सगळं काढायला लागतं. नीट वॉश, लोखंडी कण विरघळवणारं केमिकल, क्ले (मातीसारखी मऊ वडी फिरवून रंगात रुतलेली घाण ओढून काढायची), मग मशीनने पॉलिश, मग अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढायचा, मग एकेक पॅनल करत कोटिंग, ते पण बंद आणि धूळ नसलेल्या जागेत, आणि त्यानंतर गाडी निदान एक रात्र आत उभी ठेवायची. पुढचा आठवडाभर शॅम्पू लावायचा नाही. घाई न करता केलं तर दोन दिवसांचं काम आहे.

आता पाडव्याचा दिवस डोळ्यासमोर आणा. दसरा, अक्षय तृतीया, तेच. मुहूर्त सकाळचा, शोरूमच्या दारात हार घातलेल्या गाड्यांची रांग, घरचे सगळे नारळ-पेढे घेऊन आलेले, आणि मागच्या वॉशिंग बेमध्ये दोन-तीन पोरं एकामागून एक गाड्या तयार करतायत. त्या पोरांचा यात काही दोष नाही, त्यांना वेळच दिलेला नसतो. दोन तासांत जेवढं होतं तेवढं ते मनापासून करतात, पण क्ले आणि पॉलिश त्या दोन तासांत बसतच नाही, मग रेषांच्या वरच कोटिंग लागतं आणि त्या रेषा आत बंद होतात, नंतर काढायच्या तर आधी पॉलिश करून कोटिंग घालवायला लागतं, म्हणजे आधी घालायला पैसे आणि मग काढायला पैसे.

डिलिव्हरीच्या दिवशी पाणी मारून थेंब कसे पळतात ते दाखवतील. थेंब पळणं ही काही परीक्षा नाही, दीडशे-दोनशे रुपयांच्या वॅक्सवरूनही पहिल्या दिवशी तसेच पळतात. सहा महिन्यांनी काय होतं ते खरं.

वॉरंटी कार्ड मात्र घरी नेऊन शांतपणे वाचा, सही करायच्या आधी. ३ वर्षं, ५ वर्षं असं मोठ्या अक्षरात असतं आणि खाली बारीक अक्षरात ठराविक महिन्यांनी पैसे भरून मेंटेनन्स करून घ्यायची अट असते, एक व्हिजिट चुकली की वॉरंटी संपली. ओरखडे, खडीचे टवके, पाण्याचे डाग, पक्ष्यांची घाण हे बहुतेक कार्डांत वगळलेलंच असतं, मग उरतं काय? आणि क्लेम मान्य झाला तरी त्या पॅनलवर परत कोटिंग मारून देतात, रंग करून देत नाहीत. रंगाचा कारखान्यातला दोष, म्हणजे रंग आपोआप सोलणं किंवा फुगणं, हा साधारणपणे गाडीच्या कंपनी वॉरंटीतच येतो, त्यासाठी वेगळं कोटिंग घ्यायची गरज नाही, वॉरंटी पुस्तिकेत ते पान बघून घ्या.

"कोटिंगचं पॅकेज घेतलं नाही तर गाडी मिळायला वेळ लागेल" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. एक वस्तू घ्यायची तर दुसरी पण घेतलीच पाहिजे अशी सक्ती ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे निर्बंधात्मक व्यापार प्रथेत येते. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा टॅक्स, इन्शुरन्स, फास्टॅग असं प्रत्येक गोष्टीचं वेगळं कोटेशन लेखी मागा, मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर. ऐच्छिक गोष्टी मग आपोआप वेगळ्या दिसतात आणि बरेचदा विषय तिथेच मिटतो. नाहीच मिटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण हे सगळं बिल व्हायच्या आधी करा, बिल झाल्यावर काढून घेणं अवघड जातं.

आपल्याकडे रंग खराब होतो कशाने

आम्हाला हे सगळ्यात मनापासून सांगायचंय कारण रोज डोळ्याने बघतो. पुण्यात गाडीचा रंग उन्हाने जेवढा खराब होत नाही तेवढा सुक्या फडक्याने होतो. सोसायटीत सकाळी सहाला जे काका गाड्या पुसतात त्यांच्याकडे एक बादली असते आणि एक फडकं, आणि त्यात वीस-पंचवीस गाड्या उरकायच्या असतात. पहिल्या दोन गाड्यांनंतर त्या पाण्यात वाळू असते, सिमेंट असतं, आणि बाणेर, वाकड, वाघोलीकडे जिथे तिथे बांधकाम चालू आहे तिथली धूळ तर साधी धूळ नसतेच. तेच फडकं तुमच्या बॉनेटवर रोज फिरतं, वर्षाचे तीनशे दिवस, आणि ते सिरॅमिकवरून फिरलं तरी रेषा पडतात. म्हणून आमचा आग्रह असा की पुसणाऱ्या काकांना तुमची स्वतःची दोन मायक्रोफायबर द्या, ती घरी धुवून परत द्या, आणि रोज पुसू नका असं सांगा, आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी टाकून करा म्हणावं. पैसे तेवढेच द्या त्यांना, कमी करू नका. धूळ तशीच राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही, सुकी धूळ घासली की बिघडतं.

दुसरं पाणी. महापालिकेचं धरणाचं पाणी तसं मऊ आहे, पण बोअरचं आणि टँकरचं जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, उन्हात गाडी धुतली आणि पाणी तसंच सुकलं की पांढरे गोल डाग बसतात जे महिनाभर राहिले तर क्लिअर कोटमध्ये उतरतात. सिरॅमिकवर पण हे डाग बसतात हे कोणी सांगत नाही. सावलीत धुवा आणि लगेच कोरडी करा, एवढंच. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, गाडीचाच शॅम्पू वापरा.

तिसरं झाडाखालचं पार्किंग. गणेशखिंड रस्त्यासारखी जुनी वडाची झाडं आपल्या शहराचं वैभव आहेत, पण फळांच्या दिवसात खाली उभ्या गाडीवर फळं आणि पक्ष्यांची घाण पडते, त्यात युरिक ॲसिड असतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेट तापलं की ते एक-दोन दिवसांत ठसा उमटवतं. दिसलं की लगेच ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून मऊ करून उचला, नखाने खरवडू नका.

मग पैसे टाकायचे तर कुठे? रोज एक्सप्रेसवेने मुंबई किंवा सातारा रस्त्याने जाणाऱ्यांनी पूर्ण गाडीला नको, पण बंपर, बॉनेटची पुढची पट्टी, आरसे आणि दारांच्या कडा एवढ्याला पीपीएफ करावी, टवके तिथेच पडतात. काळी किंवा गडद निळी गाडी, उघड्यावर पार्किंग, सात-आठ वर्षं ठेवायची आणि स्वतः धुवायची हौस आहे, तर सिरॅमिक जरूर करा, पण डिलिव्हरी झाल्यावर सावकाश, मुहूर्ताच्या दिवशी नाही. पुण्यात गाडीच्या आकाराप्रमाणे आणि कामाप्रमाणे साधारण १५ ते ४० हजारांत चांगलं काम होतं, आणि कोणाकडेही करा, आधी क्ले-पॉलिश किती तास करणार आणि गाडी किती वेळ ठेवून घेणार हे दोन प्रश्न विचारा. पांढरी किंवा सिल्व्हर गाडी, बेसमेंट पार्किंग, आणि तीन-चार वर्षांत विकायचीये, तर दर तीन-चार महिन्यांनी सीलंट भरपूर झालं, विकताना कोटिंगचे पैसे कोणी वेगळे मोजत नाही.

पॅकेजमध्ये अंडरबॉडी, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूचं गंजरोधक कोटिंग पण असतं. वर्षातून एकदा गणपतीला कोकणात जाणाऱ्याला ते लागत नाही, आताच्या गाड्यांना फॅक्टरीतूनच चांगलं गंजरोधक काम केलेलं असतं. अलिबाग, रत्नागिरीसारख्या किनाऱ्याला कायम जाणं-राहणं असेल तर करा, फक्त पाणी जायची भोकं बुजवलेली नाहीत ना ते स्वतः वाकून बघा.

कोटिंग आधीच घेऊन झालं असेल तर वाईट वाटून घेऊ नका आणि त्यावर लगेच दुसरं पण मारू नका. बिलावर प्रॉडक्टचं नाव आणि तारीख लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. डिलिव्हरीनंतर पहिल्या आठवड्यात गाडी न धुता, न पुसता सकाळच्या वेळी आमच्याकडे आणा, लाइट मारून रंग कसा आहे, रेषा कुठे आहेत हे तुमच्या समोर दाखवतो, त्याचे पैसे नाहीत आणि काही करून घेतलंच पाहिजे असंही नाही.