तहान घोटभर, शुद्धीकरण हौदभर

माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. शहर मात्र त्याच्यासाठी शे-दीडशे लिटर पाणी निवळून, गाळून, क्लोरीन घालून पाठवतं आणि त्यातलं बरंचसं संडासात आणि मोरीत जातं. निव्वळ उधळपट्टी वाटते ना? पाणीपुरवठ्याचा आराखडा उलगडून बसलं की त्यामागचा हिशेब कळू लागतो.

हिशेब डोकी मोजण्यापासून सुरू होतो, पण आजची नव्हे, उद्याची. पंप साधारण 15 वर्षांचा अंदाज धरून बसवतात, मोठ्या जलवाहिन्या 30 आणि धरण 50 वर्षांचा. पंप बदलता येतो, धरणाची उंची वाढवणं महाकठीण. मग मागणीचे वर्ग पडतात: घरगुती, व्यापारी, औद्योगिक, शाळा-रुग्णालयं, आग विझवण्यासाठी राखीव. शिवाय कोणीही न मागितलेला एक वर्ग असतो, तो म्हणजे गळती. चोवीस तास पुरवठा असेल तिथे ती पहाटे दोन ते चारच्या दरम्यान पकडतात. सगळे झोपलेले असताना एखाद्या भागाचा मीटर जोरात फिरत असेल, तर पाणी बहुधा जमिनीत मुरत असतं.

समजा, वस्ती 10 लाख आणि दरडोई 150 लिटर. म्हणजे रोजचे 15 कोटी लिटर. आकडा बरोबर, पण फसवा, कारण सकाळच्या एखाद्या तासात मागणी सरासरीच्या दुप्पट-तिप्पट होते. शुद्धीकरण केंद्राला असे झटके मानवत नाहीत, ते एका लयीत चाललेलं बरं. मधली तफावत उंच टाकी सांभाळते. ती रात्री भरते, सकाळी उतरते, आणि उंचीमुळे दाबही देते: दर 10 मीटरला जवळपास आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका. लहान वस्तीत तर जलवाहिनीचा व्यास तहानेपेक्षा आगीच्या बंबावरच ठरतो.

मग पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळं का नाही? कारण नळांची दोन जाळी म्हणजे दुप्पट खोदकाम, आणि कुठेतरी एक जोड चुकला की रोगराई. तरीही हाँगकाँगने हे केलं. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे संडासांसाठी समुद्राचं खारं पाणी वेगळ्या नळांनी जातं आणि आज सुमारे 80 टक्के लोक ते वापरतात. समुद्र हाताशी आणि इमारती दाटीवाटीच्या, म्हणून ते परवडलं. सिंगापूर 2003पासून सांडपाणी अतिशुद्ध करून मुख्यतः उद्योगांना देतं; चिप बनवणाऱ्या कारखान्यांना ते चांगलंच मानवतं.

मला सर्वांत धाडसी वाटतं ते नामिबियातलं विंडहुक. या कोरड्या प्रदेशातल्या शहरात 1968पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतात. तिथली महत्त्वाची वर्गवारी नळापाशी नव्हे, गटारापाशी होते: कारखान्यांचं सांडपाणी आधीच दुसरीकडे वळवतात, आणि घरांमधून आलेलं तेवढंच पुन्हा नळाकडे येतं.